दादाले ऊन लागलं होतं म्हणे

फोन आला तेव्हा मी पंकजदादाचीच नक्कल करून राहिलो होतो. खाप्याले आमच्या अंगणात साक्षगंधाचे, म्हणजे साखरपुड्याचे, पाहुणे जेवून बसले होते, अन् मी भर मे महिन्यात नागपूरच्या गांधीबागेतल्या दुकानातून घरी आलेला दादा करत होतो... दुपट्टा झटकत, एक डोळा बारीक करत, "हे काय ऊन आहे बे? ऊन त आमच्या लहानपणी पडे!" सगळे पोट धरून हसत होते. बाबांनी फोन कानाले लावला अन् मले म्हणाले, "बंद कर." मले वाटलं, नेहमीसारखेच चिडले. मी दादाच्या आवाजात अजून एक वाक्य टाकलं. मंग बाबा खालीच बसले.

पंकजदादा माह्या मोठ्या बाबांचा, म्हणजे मोठ्या काकांचा, पोरगा. गांधीबागेत साड्यांचं ठोक दुकान. खाप्याची शाळा संपवून मी नागपूरले शिकाले आलो तो त्याच्याच घरी. मी त्याची नक्कल केली की तो रागवे नाई, उलट सुधरवे. "थांब बे, मी खांदा असा नाई उडवत. पुन्हा कर." लग्न झाल्यापासून तो अन् अश्विनीवहिनी कुठंच गेले नव्हते. वहिनीच्या मोबाइलवर काश्मीरच्या पहाडातल्या एका निळ्या तळ्याचा फोटो होता. तिथं पाठीवर बॅग घेऊन पायीच जा लागते, तंबूत राहा लागते. दादा म्हणे, "तलाव पाहाले इतक्या दूर? आपल्या नागपूरच्या फुटाळ्यानं काय घोडं मारलं?" पण दोन मोठ्या बॅगा त्यानंच आणल्या. सवय व्हावी म्हणून बॅगेत साड्यांचे गठ्ठे भरून दोघं कॉलनीत चकरा मारत. लोक विचारत, "काहून गा पंकज, फेरीचा धंदा काढला काय?"

निघताना मोठाईनं, म्हणजे दादाच्या आईनं, दोन्ही बॅगांत कांदे टाकले. ऊन लागू नये म्हणून आमच्याकडं खिशात कांदा ठेवतात. वहिनी हसली, "आई, तिथं बर्फ आहे." मोठाई म्हणे, "मंग बर्फावर का दिवसा चंद्र उगवते वं?"

पुढचं वहिनीनंच सांगितलं. वाटेतलं पहिलं तळं पाहून झालं, फोटोतल्या दुसऱ्याकडं चढताना दादाचं डोकं दुखाले लागलं. मंग उलट्या. हवा थंडगार, पण ऊन डोळ्यात घुसे असं. डोकं दुखते, उलट्या होतात, म्हणजे काय? नागपूरच्या लेकरालेबी ठाऊक आहे. दादाले तर त्यातही हसू आलं, "नागपूरच्या माणसाले काश्मिरात ऊन लागलं! घरी सांगू नको वं, इज्जत जाईन." वहिनीनं मीठ-साखरेचं पाणी पाजलं, डोक्यावर ओला दुपट्टा ठेवला, कांदा फोडून तळपायाले घासला. गाईड विचारे, "सर में दर्द तो नहीं?" दादा म्हणे, "एकदम फर्स्ट क्लास." उन्हाचं काय सांगाचं पहाडातल्या माणसाले?

दुसऱ्या दिवशी ते अजून वर चढले. तळं दिसलं तेव्हा दादा दारू पिल्यासारखा झोकांड्या खाऊन राहिला होता. गाईडनं पाहिलं अन् ओरडलाच, "नीचे! अभी नीचे!" तितक्या उंचीवर हवा कमी असते, डोक्यात सूज येते. उपाय एकच, खाली उतरणं. घोड्यावर बसवून उतरवून राहिले होते... रस्ता लागाच्या आधीच दादा गेला.

वहिनीनं हे काहीच लपवलं नाई. तेरवीच्या आधी सगळ्यांसमोर सांगून टाकलं. तेव्हापासून मोठाई तिच्याशी एक शब्द बोलली नाई. ताट पुढं ठेवे, तोंड फिरवे. शेवटी वहिनीनं कळमेश्वरहून भावाले बोलावलं, माहेरी जाले. मले म्हणे, "जाच्या आधी एकदा त्यांच्यासारखं बोल नं भाऊजी." मी तोंड उघडलं... साऱ्या गावाचे आवाज काढणारा मी, आवाजच निघाला नाई.

सामान भरताना वहिनीनं ती पहाडातली बॅग उघडली. कप्प्यात एक कांदा राहिला होता. त्याले फिकट हिरवे कोंब फुटले होते, बोटभर. मोठाई दारात उभी होती. तिनं कांदा हातात घेतला.

"तळपायाले घासला होता नं?"

"हो आई."

"बराच वेळ?"

"ते म्हणाले बरं वाटते, तोपर्यंत."

मोठाई त्या कोंबाकडं पाहत राहिली. "म्याबी तेच केलं असतं," ती म्हणे. "म्याच त शिकवलं तुले, पोरी." अन् तिथंच दाराले धरून रडली, तेरवीलेबी रडली नव्हती तशी. भाऊ आला, चहा पिला, एकटाच परत गेला.

कांदा आता सैपाकघराच्या खिडकीत आहे. कोणी चिरत नाई, कोणी फेकत नाई. मी बाहेर निघालो की मोठाई सवयीनं टोपलीत हात घालते अन् मंग थांबते. कांदा देत नाई. विचारते, "डोकंगिकं दुखते काय रे?" मांगून वहिनीबी पाहते. परवा माह्या तोंडातून निघालंच, हुबेहूब त्याच्याच आवाजात, खांदाबी बरोबर उडाला... "एकदम फर्स्ट क्लास."

दोघी जागीच थिजल्या.

"नाई," मी माह्या आवाजात म्हटलं. "दुखते थोडंसं." अन् चपला काढून आत येऊन बसलो.