झेंडूचा हार

नव्वदच्या दशकात ज्याच्या कॅसेटी नाशिकच्या प्रत्येक पानटपरीवर वाजायच्या, त्या पॉप गायकाचं चरित्र मी लिहिलं. दारू, स्टेजवरची मारामारी, मग एके दिवशी माणूसच गायब. मेला, असं लोक म्हणायचे. प्रेत कुणी पाहिलं नव्हतं.

त्याची आई मखमलाबादकडे झेंडूच्या मळ्यात राहायची. ओसरीवर विकायच्या हारांचा ढीग, पण भिंतीवरच्या त्याच्या फोटोला हार नाही. मी विचारलं, तर म्हणाली, "जित्या माणसाला कोन हार घालतं, बाई?" आईचं मन, दुसरं काय. मी पुस्तकात शेवट तसाच खुला ठेवला.

परीक्षणं आली. एकाने लिहिलं, वाचताना गायक शेजारच्या खोलीत असल्यासारखा वाटतो. आठवडाभर माझे पाय जमिनीवर नव्हते. पुण्याचे एक समीक्षक मात्र बरसले, मृत्यू लिहायला लेखिका घाबरली म्हणून. माझं डोकंच फिरलं. मळ्याची वाट माहीत नाही आणि मला शिकवतात! पण प्रकाशकालाही दुसऱ्या आवृत्तीत मरण हवं होतं. भर दुपारी मी पुन्हा मळ्यात गेले.

फोटोला ताजा हार होता.

त्याच्या मरणाची बातमी आली वाटतं, म्हणून मला रडूच कोसळलं. त्याची आई झेंडू ओवत राहिली. तेवढ्यात आतून कुणीतरी गुणगुणलं. त्याचंच गाणं. कॅसेटमध्ये जिथे त्याचा दम तुटायचा, तिथेच तुटलं, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. म्हणजे मी मुलाखती घेत होते तेव्हाही तो आतच होता.

"मावशी, आत..."

"कोन नाय." तिने सुईवरची नजर हलवली नाही. "तुझं पुस्तक वाचून लोक यायला लागले. खिडकीतनं डोकवायचे. लय भ्यायचा, पलंगाखाली जाऊन बसायचा. हार घातला, तवा गेले लोक. रोज माझ्या हातानं घालते. तूबी लिही, गेला म्हनून."

मी लिहिलं. त्याच समीक्षकांनी पाठ थोपटली: लेखिकेने अखेर सत्याला तोंड दिलं. लोकांना पटलं का, हे मावशीला ऐकायचं होतं, म्हणून कात्रण घेऊन गेले आणि ओसरीवर बसून वाचायला लागले.

"हळू वाच," ती म्हणाली. "आत ऐकू जातं."