भरवशाचा पुरजा

कोणाची वेबसाइट बनवायची असली की मधुभाऊ आधी त्याच्या दुकानात येऊन दिवसभर नुसते बसायचे. हातात कागद नाही, लॅपटॉप नाही. आमच्याकडे आले तेव्हा मी शटर वर करत होते, तेवढ्यात आत शिरले, कापसाच्या गाठीवर टेकले आणि संध्याकाळपर्यंत तिथून हलले नाहीत. आमचं वरोऱ्याला गाद्या-रजयांचं दुकान. मागच्या खोलीत कापूस पिंजायचं यंत्र, पुढे अम्मी दुलया शिवत बसते आणि गल्ल्यावर मी. दुपारपर्यंत त्यांच्या भुवया, मिशा, कानाच्या पाळ्या सगळं पांढरं झालं होतं. मी चहा पाजला, पण मनात म्हटलं, हा माणूस कामाचा आहे की नुसता चहाचा?

संध्याकाळी उठले, अंग झटकलं आणि म्हणाले, "आपा, सकाळपासून ऐकून राह्यलो. एकाही गिऱ्हाइकानं इचारलं नाई का तुमचं दुकान किती जुनं हाये. सारे इचारतेत, कापूस नवा का जुना, आन उन्हात टाकला तं पुन्हा फुगते का. मंग पहिल्या पानावर आजोबाचा फोटो काऊन टाकाले सांगता?" आजोबांचा फोटो मी फ्रेमसकट त्यांच्या हवाली केला होता. तो त्यांनी तसाच परत दिला. मला राग आला, कारण आजोबा माझे होते. पण माणूस पटला.

मधुभाऊ माढेळीकडच्या एका खेड्यातले. घरी कापूस-सोयाबीनची शेती, ती धाकटा भाऊ पाहायचा. हे वरोऱ्यात संगणकाच्या क्लासमध्ये शिकवायचे. क्लास बंद पडला, तेव्हा लहान दुकानदारांच्या वेबसाइटी बनवायला लागले. आम्हाला त्यांची गरज का पडली, तेही सांगते. फोमच्या गाद्या आल्यापासून कापसाची गादी मागणारं माणूस रस्त्यावर दिसेना. फोमचा एक व्यापारी आमच्या गाळ्यावर डोळा ठेवून होता, भाड्यानं द्या म्हणायचा. मी अम्मीला म्हटलं, दोन हिवाळे वेबसाइटवर विकून बघू, नाहीच जमलं तर देऊन टाकू त्याला. अम्मीचं सगळं आयुष्य त्या गाळ्यात टाके घालण्यात गेलं आहे.

वेबसाइटला जी जोडकामं लावतात, ज्यांना शहरातले लोक प्लगइन म्हणतात, त्यांना मधुभाऊ 'पुरजे' म्हणायचे. मला सगळे पुरजे हवे होते. थंडीचा माल, म्हणून पानावर बर्फ पडला पाहिजे. गिऱ्हाइकानं चक्र फिरवून सूट जिंकली पाहिजे. कोपऱ्यात एक हसरी मुलगी 'मी आपली काय मदत करू' म्हणाली पाहिजे. किती लोक येऊन गेले तो आकडाही फिरताना दिसला पाहिजे. मधुभाऊंनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "आपा, वरोऱ्यात बर्फ कधी पडला होता?"

तरी मी हटून बसले. मग त्यांनी माझा सगळा हट्ट एका दिवसासाठी पुरवला, मला स्कूटरवर बसवलं आणि चिमूर रस्त्यावर एका कडुलिंबाखाली नेऊन उभं केलं. तिथे फोनला सिग्नलची एकच काडी यायची. खिशातून एक जुना, काचेला तडा गेलेला फोन काढून माझ्या हातात दिला. म्हणाले, उघडा तुमची साइट. मी बोट ठेवून बसले. एक एसटी आली, माणसं उतरली, माणसं चढली, एसटी निघूनही गेली. पानावर बर्फाचा एक ठिपका अर्ध्यात अडकला होता आणि दुलई कुठेच नव्हती. "पुण्यातल्या बाईचा फोन चांगला हाये," ते म्हणाले, "पण तिची माय इथी राह्यते, अशाच झाडाखाली. दुलई पसंत ते करते." घरी आल्यावर मी एकेक पुरजा काढून टाकला. ते बाजूला बसून म्हणत होते, "जो पुरजा काढला आन काईच बिघडलं नाई, तो पुरजा नव्हताच. वझं होतं." शेवटी फोटो, कापसाची माहिती आणि फोन नंबर एवढंच उरलं. पान पटकन उघडायला लागलं.

फुकट मिळणाऱ्या पुरज्यांवर त्यांचा भारी राग. कोणी म्हटलं की अमुक गोष्ट फुकट मिळते, तर ते डोळे बारीक करून विचारायचे, "फुकटचा हाये ना? मंग तो खाते काय?" बियाण्यांच्या एका दुकानदारानं कुठून तरी चोरीचा पुरजा आणून लावला होता. एका सकाळी त्याच्या साइटवर बियाण्यांच्या जागी जुगाराच्या जाहिराती नाचायला लागल्या. गावात हसं झालं. मधुभाऊंनी ती साइट बनवलेलीही नव्हती, पण ते तिथे जाऊन बसले आणि सगळं साफ करूनच उठले. दुकानदाराला एवढंच म्हणाले, "घरात कोण शिरलं ते पाह्याले पाह्यजे, भाऊ." असा माणूस. तुम्हीच सांगा, अशा माणसावर भरवसा नाही ठेवायचा तर कोणावर ठेवायचा?

आता एकच पुरजा लागणार होता. गिऱ्हाइकानं बटण दाबून नाव, फोन नंबर आणि काय पाहिजे ते लिहायचं, आणि ते माझ्या फोनवर यायचं. मधुभाऊंनी बाजारातली चौकशीची बटणं आणून पाहिली आणि नाक मुरडलं. एक जड होतं, एकाचा मालक कोण ते कळेना, एक दर वर्षी पैसे मागणारं. शेवटी म्हणाले, "भरवशाचा एकबी नाई, आपा. मीच बनवतो." आणि बनवलं. मी थट्टेनं त्यांचाच प्रश्न त्यांना विचारला, हा तुमचा पुरजा काय खाते? ते हसले. "हा उपाशी हाये," म्हणाले. अम्मीही हसली होती.

पहिल्या हिवाळ्यात त्या बटणानं आमची चंगळ केली. नागपूर, अमरावती, पुणे, कुठून कुठून चौकश्या आल्या. बाळंतिणीची दुलई हवी, म्हाताऱ्या सासऱ्यांना हलकी रजई हवी. शेजारच्या दोन बायका मदतीला घेतल्या तरी अम्मीचे हात पुरेनात. मीच एकदा मधुभाऊंना म्हटलं, इतक्या दुलया आता कोण शिवणार? मधुभाऊंना आमच्या घरी जेवायची सवय लागली. अम्मी त्यांच्यासाठी वरण जरा तिखट करायची. गल्लीतल्या चार दुकानदारांकडे मी स्वतः त्यांना घेऊन गेले आणि माझ्या शब्दावर त्या चौघांनीही तेच बटण लावून घेतलं.

दुसऱ्या हिवाळ्यात दिवाळी झाली, थंडी पडली आणि बटण गप्प. आठवडाभरात एखादी चौकशी यायची, आणि मी फोन केला की समोरचं माणूस म्हणायचं, झालं आमचं, घेतली. मी मधुभाऊंना बोलावलं. ते आले, पुन्हा त्याच गाठीवर दिवसभर बसले. संध्याकाळी चहा पीत म्हणाले, "लोकाले कापूस नको झाला, आपा. हवाच बदलली. साइट ठीक हाये." मी मान डोलावली. त्या रात्री अम्मीला म्हटलं, फोमवाल्याला निरोप द्यायला पाहिजे. तिनं सुई ठेवली आणि दिवा मालवायला सांगितला.

मग पौषात नागपूरच्या एक बाई दुकानात आल्या. काखेत दुलई. म्हणाल्या, तुमच्याकडूनच मागवली होती, महिनाभरात गोळे झाले, पिंजून द्या. अम्मीनं दुलई हातात घेतली, उलटली, काठावरून बोट फिरवलं आणि माझ्याकडे ढकलली. आमच्या दुलईचा टाका मधोमध सुरू होऊन चारी बाजूंना जातो आणि एक कोपरा कच्च्या दोऱ्यानं बंद करतात, पुढे पिंजायला उघडता यावा म्हणून. ही दुलई चारी बाजूंनी मशीननं ठोकलेली. "ही आमची नाही," मी म्हटलं. बाई चिडल्या. म्हणाल्या, तुमच्या साइटवर बटण दाबलं, तासाभरात तुमच्याच माणसाचा फोन आला, आमच्या नव्या शाखेतून स्वस्तात देतो म्हणाला. आमची शाखा. आमचा एक गाळा सांभाळता सांभाळता जीव जातो आहे, आणि शाखा!

त्याच आठवड्यात मला नागभीडला बहिणीकडे जायचं होतं. तिच्या फोनवरून आमची साइट उघडली, तिचं नाव टाकून लिहिलं, 'बाळाची दुलई पाहिजे,' आणि बटण दाबलं. माझ्या फोनवर काहीच आलं नाही. बहिणीनं जेवायला वाढलं. ताटावर असतानाच तिचा फोन वाजला. मी उचलला.

"बोला ताई, दुलई पाह्यजे म्हणे तुमाले? कापूस नवा हाये. उन्हात टाका, पुन्हा फुगते."

तो आवाज मी हजारात ओळखला असता. मी म्हटलं, "मधुभाऊ, मी नसीम." त्यांनी फोन ठेवला नाही. मागे कुठे तरी लहान बाळ रडत होतं. मग हळूच म्हणाले, "मी उद्या दुकानात येतो, आपा."

आले. गाठीवर बसले नाहीत, दारातच उभे राहिले. मी विचारलं, "काऊन केलं?"

"तुमीच म्हटलं होतं का इतक्या दुलया कोण शिवणार. गिऱ्हाईक वाया जाऊन राह्यलं होतं. नागपुरात एक मशीनवाला वळखीचा हाये, त्याले उरलेलं देल्लं."

"आन या साली? या साली कोणतं उरलं होतं?"

"त्याची भूक वाढली. मले नाई म्हणता आलं नाई."

"तुमी इथी बसले. माह्या अम्मीच्या हातचं जेवले. आन मले सांगतलं का लोकाले कापूस नको झाला."

खरं सांगते, गिऱ्हाईक गेल्याचं मला तेवढं लागलं नाही. धंद्यात गिऱ्हाईक येतं, जातं. पण ते दिवसभर आमच्यात बसून आमचं बोलणं ऐकत होते, आणि तेच बोलणं फोनवर परक्या बायकांना ऐकवून दुसऱ्याचा माल विकत होते. केसानं गळा कापला माझा. गल्लीतल्या चार घरांनाही मला जाऊन सांगावं लागलं की मीच ज्याला तुमच्या घरात आणलं, त्यानं आपलं काय केलं. त्यांच्यातला एक जण अजून माझ्याशी नीट बोलत नाही. आणि आमच्या पुढच्या अर्ध्या गाळ्यात आज फोमच्या गाद्या रचलेल्या आहेत. तो हिवाळा भरून काढणं काही जमलं नाही.

मधुभाऊंनी माझ्यासमोर त्या पुरज्याची नागपूरकडे जाणारी वाट बंद केली, माझ्याच लॅपटॉपवर. मी प्रत्येक ओळ वाचून घेतली, समजली नाही तरी वाचली. चौघांच्या साइटींवरही तेच करायला लावलं. सगळ्या किल्ल्या, सगळे पासवर्ड मी बदलले. ते उठले, चपला घातल्या आणि तिथेच घुटमळले. पंधरा दिवसांपूर्वी त्यांच्या मुलीला, सोनूला, मुलगी झाली होती, माहेरीच होती ती. आमच्याकडे रीत आहे, घरच्या माणसाच्या घरात बाळ आलं की पहिली दुलई अम्मी स्वतः शिवते. तिचा भाव होत नाही, भाव विचारणंच वाईट दिसतं. अम्मीनं कापूस बाजूला काढून ठेवला होता, हे मधुभाऊंना माहीत होतं.

"अम्मी," ते म्हणाले, "सोनूच्या पोरीची दुलई..."

अम्मी इतका वेळ शिवतच बसली होती. तिनं दोरा दातानं तोडला.

"साइटवर लिहून मागव, बेटा. सारे लोक तसेच मागवतात. नसीम भाव सांगन."

ते गेले. मला वाटलं, संपलं, आता हा माणूस पुन्हा काही दिसत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी माझा फोन वाजला. बटणावरून चौकशी आली होती. 'लहान बाळाची दुलई पाहिजे. कापूस नवा. भाव कळवावा.' खाली पूर्ण नाव, गाव, फोन नंबर, सगळं नीट लिहिलेलं, जणू आमची ओळखच नाही. मी अम्मीला वाचून दाखवलं. तिनं टाका घालता घालता मान डोलावली.

मी भाव कळवला.