घरचं बियाणं

तळवलीच्या हिरामणला एका जागी बसवत नसे. भाताची खाचरं सरकारने घेतली, मोबदल्यातून बांधलेल्या खोल्या भाड्याने लागल्या, पोटाची ददात मिटली. पण मृग लागला की हात शिवशिवायचे, आणि पेरायला वीतभर जमीन नाही. मग हा गडी अंगणात येरझाऱ्या घाली, धड चाललेला नळ उगाच खोलून बसे, बायको गोजराची भांड्यांची फळी हलवी.

चौऱ्याण्णव साली लेक स्नेहलने बाजारातून हॅमस्टरची जोडी आणली. ती लग्न होऊन सासरी गेली, जोडी मागे राहिली. मुठीत मावणारं जनावर, गालांत दाणे कोंबून फिरणारं, रंग पिकल्या भाताचा. त्या रंगातच हिरामण अडकला.

पहिल्या वेतात नऊ पिल्लं. त्याने त्यातला तजेलदार नर निवडला, तजेलदार मादी निवडली आणि त्यांचीच जोडी लावली. पुढच्या वेतातही तेच. बापाने शिकवलं होतं, कणगीतलं उत्तम भात बियाण्याला राखायचं, परक्याचा दाणा मिसळू द्यायचा नाही. चाळीस वर्षं त्यांच्या घरच्या लोंबीने रंग बदलला नव्हता. दाण्याचा न्याय त्याने जनावराला लावला. बेलापूरपासून लोक यायचे, "हिरामणचा सोनेरी द्या" म्हणून. हिरामण छाती फुगवून सांगे, "एकाच घरचं बियानं हाय."

पुढच्या वेतांत नवांची सहा झाली, सहांची चार. "गारठा लागला आसंल," म्हणत त्याने डब्यातलं भाताचं तूस बदललं, डबे माळ्यावर नेले, परत खाली आणले. एक पिल्लू डोळ्यांवाचून जन्मलं. ते त्याने गोजराला न दाखवता परसात पुरलं.

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात दोघंच उरली. सोनी आणि तिचा भाऊ. सोनी व्याली नाही तर बियाणं बुडालं.

पनवेलची आफरीन बँकेत नोकरी करायची, तीही हॅमस्टर पाळायची. ती एक जोडी विकत न्यायला आली आणि डब्यांत दोघंच बघून म्हणाली, "हिरामणकाका, आमचा नर घेऊन जा. रक्त बदललं पाहिजे. उगाच टेन्शन नका घेऊ, फुकट देते."

"भेसल नको, बाय," हिरामण म्हणाला.

त्याने सोनीला भावाकडेच सोडलं. सोळा दिवस घरभर नाचला. चाहूल लागू नये म्हणून रेडिओ बंद, आणि स्वतः दर तासाला डब्याशी. सतराव्या दिवशी दोन पिल्लं, दोन्ही मेलेली. वर सोनी ज्वारी तोंडात धरायची आणि टाकून द्यायची.

गोजरा उंबऱ्यात तांदूळ निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "पोरीचं लगीन करताना सात गावं हिंडलाव. येका कुलाची नको, म्हनून तीन स्थलं मोडलीव. न् या मुक्या जीवांना भाव-भयनीचा संसार मांडून दिलाव! भात वेगलं, जीव वेगला. तुमची अक्कल कनगीतच राह्यली."

हिरामण उठला. चपला घातल्या, काढल्या, पुन्हा घातल्या. सोनीचा डबा छातीशी धरून पनवेलची बस पकडली. उभ्याने गेला, बसायला जागा असूनही.

आफरीनने सोनीचा ओठ हलकेच वर केला. वरचे दात आत वळून टाळूला टेकले होते. तिने बारीक कात्रीने ते छाटले.

"आता तुजा नर सोडू?" हिरामणने घाईने विचारलं.

"नाही, काका. हिला आणखी एक बाळंतपण झेपायचं नाही. आणि झेपलंच, तर हेच वाकडे दात पिल्लांत उतरायचे. हिला नुसतं जगवा."

"मंग बियानं?"

आफरीनने सोनीला डब्यात परत ठेवलं. हिरामण तिच्या खोलीत तीनदा फिरला. मग कोपऱ्यातल्या दोन पिंजऱ्यांपाशी थांबला. एकात करडी मादी, एकात पांढरा नर. खालच्या आवाजात, सोयरिकीला बसल्यासारखं, त्याने विचारलं, "यांचं गाव कुठलं?"

"नर ठाण्याचा. मादी पुण्याहून आणलेली."

"आईबाप येक नाय ना? नक्की?"

"नक्की, काका."

"मंग दे. वेगवेगल्या डब्यांत दे."

घरी आल्यावर गोजराने करड्या मादीकडे बघून नाक मुरडलं, "रंग काय तो राखेचा!" हिरामणने ऐकलं नाही. तो खलात ज्वारी कुटत होता, सोनीच्या तोंडाला पेलेल इतकी बारीक, आणि दर चार ठोक्यांनी उठून तिच्याकडे बघून येत होता.