आमच्या घरची पायली

सासरची माणसं जमली की पायलीच्या गोष्टी निघतात. एकीनं सांगितली की दुसरीला दुसरी आठवते, आणि चहा गार होतो. रामाकोना गावातल्या आमच्या घरी धान्य मोजायचं हे पितळी भांडं अजून वापरात आहे.

*

माझ्या गृहप्रवेशाला तांदळानं भरलेली हीच पायली उंबऱ्यावर होती. घाबरून मी पाय जरा जोरातच लावला. पायली गडगडत थेट सासऱ्यांपाशी गेली. सासऱ्यांनी ती उचलली, नवा पोचा बोटानं चाचपला आणि म्हणाले, "असू द्या. ओळख राहील."

*

मिस्टरांनी पांढुर्ण्याहून इलेक्ट्रॉनिक काटा आणला. "माय, आता पायली ठेवून दे."

सासूबाई म्हणाल्या, "तुया काट्याची बॅटरी उतरते. इची काय उतरते?"

काटा सध्या कपाटावर आहे.

*

नणदेच्या मुलीनं नागपूरहून फोन केला. "आजी, कुरड्यांसाठी गहू किती भिजवू?"

"पायलीभर."

"म्हणजे केवढे?"

सासूबाईंना सांगता येईना. शेवटी व्हिडिओ कॉल लावला आणि त्यांनी पायली मोबाइलपुढे धरली. "हे पाय. एवढी."

स्क्रीनवर ती वाटीएवढी दिसली. पोरीनं वाटीभरच भिजवले. कुरड्या जेमतेम ताटभर झाल्या.

"जाऊ दे," सासूबाई म्हणाल्या, "तुमी दोघंच तर खाणारे."

*

माझे भासरे, म्हणजे मिस्टरांचे मोठे भाऊ, शेजारीच राहतात. संत्र्याच्या बागेला विहिरीचं पाणी आधी कोणी घ्यायचं, यावरून दोघा भावांचं बोलणं बंद झालं. लग्नकार्यातही एकमेकांकडे पाठ करून बसायचे. सासूबाईंचं जेवण तेव्हापासून कमी झालं.

यंदा गहू निघाला. आईच्या वाट्याचा गहू दोघं भाऊ पायलीनंच मोजून देतात. जाऊबाई तिगावला माहेरी गेल्या होत्या. भासरे अंगणात आले आणि मिस्टरांकडे न पाहता म्हणाले, "माय, पायली दे."

एकटेच मोजायला बसले. भरायचं त्यांनीच, ओतायचं त्यांनीच, गिनायचंही त्यांनीच. मध्येच गिनती चुकली. पहिल्यापासून मोजायला त्यांनी पोतं रिकामं केलं.

मिस्टर ओट्यावरून पाहत होते. "गिनती चुकून राहिला," ते हळूच म्हणाले. मग चप्पल घालून खाली उतरले आणि पोत्याचं तोंड धरून उभे राहिले.

मोजताना पहिल्या पायलीला आमच्याकडे 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. भासऱ्यांनी पायली भरली, वरून हात फिरवून सारखी केली आणि तशीच धरून थांबले. दोघंही पोत्याकडे पाहत होते. सासूबाई दारात आल्या.

"लाभ," मिस्टर म्हणाले.

भासऱ्यांनी पायली ओतली.