पाटावरचं स्टेअरिंग

सावद्याला माझ्या सासऱ्यांकडे मोटार होती. जुनी, दुसऱ्याकडून घेतलेली, वरचं कापडी छप्पर मागे पडणारी. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची ही गोष्ट. गावात केळीच्या बागा पुष्कळ, मोटारी मोजक्याच, त्यामुळे आमच्या मोटारीचा थाट एखाद्या जावयासारखा होता. सासऱ्यांना सगळं घर आबा म्हणे. मी त्यांना काहीच म्हणत नसे, कारण सुनेने सासऱ्यांशी समोरासमोर बोलायचं नाही असा घरचा रिवाज. काही सांगायचं तर मी सासूबाईंना सांगायचं आणि त्यांनी आबांना, मग आबा तिथेच का बसलेले असेनात. मला या प्रकाराचा मनस्वी कंटाळा यायचा.

आबा मोटार चालवत तीही त्यांच्या रीतीने. स्टेअरिंगच्या मधून एक आडवी पट्टी जायची. ती सपाट आहे एवढं हाताला कळलं की आबा रस्ता सोडून लोकांच्या बागा बघायला मोकळे. "यानं पाणी तोडलं," "त्याचे घड पाहा, निसते काटकुळे," असं फैजपूर येईपर्यंत चालायचं. मागे बसून मी मुकाट्याने ऐकायची. खरं सांगायचं तर मजा यायची.

त्या वर्षी खंडेनवमीला सासूबाईंनी एक नवीनच काढलं. दरवर्षी नांगराचा फाळ, विळे, कोयते, तराजू असं सगळं देवघरासमोर पाटावर मांडून पुजायचे, आणि मोटारीला अंगणातल्या तिच्या पत्र्याच्या छपरातच हळदकुंकू लावायचे. सासूबाईंचं म्हणणं, घरचं हत्यार उंबऱ्याबाहेर पुजलं तर ती पूजा कसली? आता मोटार काही दारातून आत येईना. तेव्हा आबांनी तिचं स्टेअरिंगच काढलं आणि पाटावर आणून ठेवलं. झेंडूचा हार घातलेलं ते गोल स्टेअरिंग फाळापेक्षाही ऐटीत दिसत होतं. दसऱ्याच्या सकाळी आबांनी ते परत नेऊन बसवलं, पट्टी नीट सपाट करून, नट आवळून. सगळे समाधानी होते.

दसरा झाला आणि दिवाळीच्या आतच आबांची मोटार डावीकडे जायला लागली. आधी एका बागेच्या काटेरी कुपाटीत घुसली. मग केळी भरलेल्या एका बैलगाडीला घासून गेली. बैल उधळले, गाडीवान शिव्या देत राहिला. घरी निकाल देऊन मोकळे झाले ते आबांचे मुलगे, म्हणजे माझे मोठे दीर आणि आमचे हे. दोघांचं एकच: आबांचे डोळे गेले. भुसावळचा एक ड्रायव्हर त्यांनी ठरवूनसुद्धा टाकला. आबांना कळलं ते तो सोमवारी येणार आहे एवढंच. त्या रात्री आबा पानावरून अर्धवट उठले. बागा बघत मोटार हाकणं हेच त्या माणसाचं म्हातारपणातलं सुख होतं, आणि ते त्यांना न विचारता काढून घेतलं होतं. मला भयंकर राग आला.

रविवारी आबा म्हणाले, शेवटचं एकदा मळ्यापर्यंत जाऊन येऊ. पुढे आबा आणि हे, मागे सासूबाई आणि मी. दोघांच्या खांद्यांमधून मला स्टेअरिंग दिसत होतं. मोटार सरळ चालली होती तेव्हा ती पट्टी चांगली उजवीकडे कललेली. आबांनी सवयीने ती सपाट केली, मान बागेकडे वळवली, आणि मोटार निघाली डावीकडच्या पाण्याच्या चारीत. यांनी हात घालून आवरली.

घरी आल्यावर मी सासूबाईंना सांगायला लागले. रागात मला माझी धुळ्याकडची बोलीच सुचते. "आबासना डोया बरोबर शेतस, स्टेरिंग वाकडं शे." म्हणजे डोळे ठीक आहेत, वाकडं आहे ते स्टेअरिंग.

दीर हसले. हेही हसले, त्याचा हिशोब मी पुढे बरीच वर्षं ठेवला. सासूबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांना पूजा आठवली. "छपरात गाडी उभी व्हती तवा पुढची चाकं सरय व्हती का?" त्यांनी आबांना विचारलं. आबा विचारात पडले. मोटार छपरात वळवून लावलेली होती. म्हणजे पुढची चाकं जराशी उजवीकडे वळलेली असताना सरळ समजून त्यांनी वर पट्टी सपाट बसवली होती... असं त्यांनी सांगितलं, आणि सांगता सांगता स्वतःच थांबले. "नई," ते म्हणाले, "डावीकडं वयेल व्हती. म्हून तं पट्टी सपाट धरली का गाडी डावीकडं जाते."

मग अंगणात खटपट सुरू झाली. आबांनी कांदेबाग केळी लावताना ओळ धरायची दोरी मागवली. मागच्या चाकाला लावून ती पुढच्या चाकापर्यंत ताणली. दोरीचं एक टोक यांच्याकडे, एक दिरांकडे. पुढची चाकं हलवत हलवत दोरीच्या ओळीत आणायची होती. "झालं सरळ," दोघे मुलगे म्हणाले. आबा जमिनीवर कोपर टेकून पडले, एक डोळा मिटला आणि म्हणाले, "बोटभर डावीकडं हाये अजून." पाहिलं तर खरंच होतं. डोळ्यांबद्दल पुढे कोणी चकार शब्द काढला नाही. चाकं सरळ झाल्यावर आबांनी स्टेअरिंग उपसलं, पट्टी सपाट धरून पुन्हा बसवलं आणि नट आवळला.

लगेच आम्ही सगळे मोटारीत बसलो, दीरसुद्धा. आबांनी पट्टी सपाट धरली, लोकांच्या बागा बघितल्या, दोन जणांच्या घडांना नावं ठेवली, आणि मोटार सुतासारखी मळ्यापर्यंत गेली. मला इतका आनंद झाला की डोक्यावरचा पदर पडलेलाही कळला नाही.

मळ्यात उतरून आबांनी बाग पाहिली. परत आले ते मागच्या दाराशी. यांना म्हणाले, "आता तू चालव. उद्या त्या ड्रायव्हरले नको म्हन. आन रोज तूच चालव."

हे गोंधळले. "आबा, आता तर सगळं नीट झालं. तुम्हीच चालवा की."

"नीट झालं म्हून तं देऊन र्‍हायलो," आबा म्हणाले. "वाकडी चालत व्हती तवा तुमी काढून घेत व्हते. काढून घेनं वेगयं, देनं वेगयं."

हे पुढे जाऊन बसले, दोन्ही हातांनी स्टेअरिंग धरलं, आणि बराच वेळ मोटार सुरूच केली नाही.