आखडलेला पाय

आमच्या गल्लीच्या तोंडाशी ज्यांचा दवाखाना होता, त्या डॉक्टरांना अमळनेरात फार मान. दवाखान्यात भिंतभर फोटो: एकात कुणी पुढारी त्यांना शाल देतोय, दुसऱ्यात ते पुढाऱ्याला. माझे सासरे, आबा, त्यांच्यासमोर देवळात बसावं तसे बसायचे.

लेक चार वर्षांची असताना तिला ताप आला आणि ती उजव्या पायावर उभी राहीना. डॉक्टरांनी तिला टेबलावर निजवलंसुद्धा नाही. माझ्या कडेवर असतानाच कमरेवर इंजेक्शन टोचलं. पायाचं सांगितलं, तर म्हणाले, पोरं शाळा बुडवायला अशी नाटकं करतात, तुम्ही स्वतः शिक्षिका, तुम्हाला हे कळायला हवं. तिला अजून बालवाडीतही घातलेलं नव्हतं.

रोज नवं इंजेक्शन. ताप उतरायचा, पुन्हा चढायचा. पाय तिने दुमडून बाहेरच्या बाजूला टाकलेला असायचा. चड्डी बदलायला गेलं की किंचाळायची. मी जळगावला न्यायचं काढलं. नवरा नरडाण्याच्या कारखान्यात पाळीवर होता. फोनवर म्हणाला, आबांना विचार. एवढा मोठा माणूस, पण स्वतःच्या पोरीबद्दल मत म्हणून नाही. आबांना विचारलं.

“डाक्टर काय येडा शे का?” ते म्हणाले.

उत्तर माझ्या ओठांवर आलं होतं. ते गिळलं, पोरीला चादरीत गुंडाळलं आणि स्टेशन गाठलं.

जळगावला लहान मुलांच्या इस्पितळात गंभीर जंतुसंसर्ग बघणाऱ्या एक डॉक्टरबाई होत्या. त्यांनी पोरीला निजवलं, पाय अगदी हलके फिरवून पाहिला आणि लगेच सोनोग्राफी करायला लावली. खुब्याच्या सांध्यात पू साचला होता. तो आजच काढायला हवा, नाहीतर हाड खराब होईल, असं त्या म्हणाल्या. मग विचारलं, आधी कोणतं औषध टोचलंय? अर्धवट औषधाने जंतू दबून बसतो, तपासणीत सापडत नाही.

मी अमळनेरला फोन लावला.

“भारीतलं दिलंय, सांगा त्यांना,” डॉक्टर म्हणाले. नाव विचारलं, तर म्हणाले की पेशंट पळवणाऱ्यांना हिशेब द्यायला ते बसलेले नाहीत. आणि फोन ठेवला.

मी ते जसंच्या तसं बाईंना सांगितलं. त्यांनी लगेच सर्जनला बोलावलं. सर्जनने सांधा उघडून धुतला. जंतू शेवटपर्यंत सापडलाच नाही. बाई अंदाजाने औषध निवडून, रोज पाय आणि रक्त तपासत लढत राहिल्या. कित्येक आठवडे पोरीच्या हातातली सुई निघाली नाही. घरी सोडताना बाई म्हणाल्या, “चालेल ती. पण खुब्याला इजा झालीय. मोठी होईपर्यंत दाखवत राहा.”

ती चालते. दमली की पाय जरा ओढते.

पुढे नात्यातल्या एका लग्नात ते डॉक्टर भेटले. पंगतीत सगळ्यांना सांगत होते, मी वेळेवर जळगावला पाठवली म्हणून ही पोर वाचली. आबा शेजारी बसून मान हलवत होते. डॉक्टरांनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. मी तो उचलून बाजूला केला.

“हिला हात लावू नका,” मी म्हटलं.

त्यानंतर आबा माझ्याशी बरेच दिवस बोलले नाहीत. घर इतकं निवांत मला कधी लाभलं नव्हतं.