रिकामी चौकट

बाई पाण्याला फार भ्यायच्या, आणि जन्मभर काम केलं ते पाण्याच्याच काठी. शिकवायच्या नाशिकच्या कॉलेजात, पण अमावस्येच्या मोठ्या ओहोटीला डहाणूकडच्या खाडीवर हजर. चिखलावर लोखंडी चौकट ठेवायची, आतला चिखल खणून चाळायचा, जिवंत शिंपल्या मोजून, मापून परत सोडायच्या. खणायला मी. हरसूलकडचा माणूस, भाताच्या आवणात, लावणीच्या गाऱ्यात जन्म गेला. चिखल मला कुणी शिकवू नये.

काठी रोवल्याशिवाय बाई काम सुरू करत नसत. भरतीचं पाणी काठीला लागलं की निघायचं. सारख्या मान वळवून बघायच्या. मी हसायचो. "हसा मामा," म्हणायच्या, "पोहता तुम्हालाही येत नाही."

एका वर्षी किनाऱ्याकडच्या चौकटी रिकाम्या निघू लागल्या. बाईंना वाटेल, मामा वरवर खणतो. मला ते सोसेना. खाली पाण्याजवळून मूठभर शिंपल्या आणून मी चाळणीत टाकल्या.

बाईंनी एक पट्टीला लावली. "ही इथली नाही, मामा. इथं पाणी थोडाच वेळ येतं, खायला कमी मिळतं. एवढी मोठी इथं होत नाही." अजून कुठं टाकल्या, म्हणून विचारलं. मी म्हणालो, कुठंच नाही.

पाणी काठीला लागलं. सामान आवरताना मात्र माझ्या तोंडून निघालं, "अजून दोन चौकटींत टाकल्यात. त्या नाळेपलीकडच्या."

बाईंचा चेहरा उतरला. आमची पुढची फेरी महिन्यानं. त्या दोन पुन्हा खणायच्या म्हणून वही पदराला बांधली आणि चढत्या पाण्याकडे निघाल्या.

दुसरी चौकट खणली तेव्हा पाणी घोट्यावर आलं होतं. परतताना नाळेत, भरतीचं पाणी आत येतं त्या चरात, माझा पाय मांडीपर्यंत रुतला. आवणातल्यासारखा जोर केला, तसा आणखी खाली. पाणी कमरेला लागलं. मी मेलो, असंच वाटलं.

बाईंनी चौकट आडवी टाकली. "जोर करू नका. हिच्यावर आडवे व्हा." माझा हात धरला. नजर चढत्या पाण्यावर, पण हात सोडला नाही.

काठावर आल्यावर त्यांनी वहीत तीन शून्यं काढली. "रिकामं ते रिकामंच लिहायचं, मामा. नाहीतर शिंपल्या संपत चालल्यात हे कळणार कुणाला?"

बाई गेल्या वर्षी वारल्या. चौकट आधीच माझ्याकडे दिली होती. यंदा मी ती आमच्या ओहळाच्या वाळूत ठेवली. लहानपणी तिथं हात घातला की शिंपले निघत. चार ठिकाणी खणलं. वहीत चार शून्यं काढली.

चौथं काढताना मान आपोआप मागं वळली. ओहळात घोटाभरही पाणी नव्हतं.